मतदान प्रतिनिधी आणि निवडणूक प्रतिनिधी यांच्या नेमणुका व अधिकार : मार्गदर्शन हवे आहे

कर्वेनगरकर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या परिचयातील एक गृहस्थ येत्या विधानसभा निवडणुकीत पुणे शहरातील एका मतदारसंघातून अपक्ष उभे राहण्याच्या तयारीत आहेत आणि निवडणूक प्रतिनिधी म्हणून त्यांनी माझे नाव सुचवले आहे. स्वतःचे मत देण्यापलीकडे माझा निवडणुकीशी आजवर संबंध आलेला नाही, त्यामुळे होकार देण्यापूर्वी या जबाबदारीत नेमके काय येते, हे समजून घ्यावे असे वाटते.

मोठ्या पक्षांकडे वर्षानुवर्षे बूथवर बसणारी मुरलेली माणसे असतात. आमच्याकडे तीनशेहून अधिक मतदान केंद्रांसाठी जेमतेम चाळीस कार्यकर्ते आहेत, आणि त्यांतले बहुतेक प्रथमच हे काम करणार आहेत. त्यांच्या नेमणुकीची पत्रे कोणी सही करायची आणि कोणाकडे द्यायची? माझा मेव्हणा राज्य शासनाच्या एका खात्यात लिपिक आहे. मतदानाच्या दिवशी त्याला सुटीच असते, तर त्याला बसवता येईल का? आमच्या गटात एक अंगणवाडी सेविका आणि एक रेशन दुकानदारही उत्साहाने काम करीत आहेत. तसेच दर तासाला केंद्रातून चिठ्ठी बाहेर पाठवून कोणाचे मतदान झाले व कोणाचे राहिले हे कळवत राहावे, अशी आमची योजना आहे. ती नियमांत बसते का, हेही कृपया सांगावे.

निवृत्त_केंद्राध्यक्ष

नमस्कार. मी शिक्षक असताना अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने काय दिसते ते लिहितो.

प्रथम नेमणुका. निवडणूक प्रतिनिधी एकच असतो आणि त्याची नेमणूक उमेदवार स्वतः नमुना ८ मध्ये निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करतो. मतदान प्रतिनिधींची नेमणूक नमुना १० मध्ये होते आणि त्यावर उमेदवाराची किंवा आपली, म्हणजे निवडणूक प्रतिनिधीची, सही चालते. प्रत्येक केंद्रासाठी एक प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात, मात्र एका वेळी आत एकच बसतो. प्रतिनिधी शक्यतो त्याच केंद्राचा किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा. तसा न मिळाल्यास त्याच विधानसभा मतदारसंघातील कोणताही मतदार चालतो. म्हणजे मतदारसंघाबाहेर नाव असलेला मित्र कितीही हुशार असला तरी उपयोगाचा नाही.

सहीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. केंद्राध्यक्षाकडे उमेदवार आणि निवडणूक प्रतिनिधी यांच्या सह्यांचे नमुने दिलेले असतात आणि नमुना १० वरील सही त्याच्याशी ताडून पाहिली जाते. हडपसर भागातील एका शाळेत माझ्यासमोर एक तरुण आला. त्याच्या पत्रावर उमेदवाराचे नाव होते, पण सही उमेदवाराच्या भावाने केलेली होती आणि ती नमुन्याशी अजिबात जुळत नव्हती. मुलगा प्रामाणिक होता, पहाटे उठून आला होता, पण मला त्याला बसवता आले नाही. रात्री उशिरा शंभर पत्रांवर सह्या करताना हात दुखतो आणि मग 'तू कर रे बाकीच्या' असे होते, तेवढे टाळा. पत्रावरील प्रतिज्ञापनावर प्रतिनिधीने सही करायची असते ती मात्र केंद्राध्यक्षासमोर, घरून करून आणायची नाही.

आता वेळ. मतदान सकाळी ७ ला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान (यंत्र नीट चालते का हे पाहण्यासाठीचे चाचणी मतदान, 'मॉक पोल') त्याआधी दीड तास, म्हणजे साडेपाचला सुरू होते. किमान दोन वेगवेगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी हजर असावेत अशी अपेक्षा असते. ते नसतील तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटे थांबतो आणि मग जे कोणी असतील त्यांच्यासह, किंवा कोणीही नसले तरी, काम पुढे नेतो. पहाटेची पीएमपी बस मिळेल या भरवशावर आपल्या माणसांना ठेवू नका. आपला माणूस सव्वासहाला पोचला तर त्याला आत घेतील, परंतु दिवसभरातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोपर्यंत बराचसा उरकलेला असेल.

हा भाग महत्त्वाचा का, ते सविस्तर लिहितो. अभिरूप मतदानात किमान ५० मते टाकली जातात आणि त्यांत नोटासह प्रत्येक उमेदवाराला मत पडलेच पाहिजे. आपल्या प्रतिनिधीने कोणत्या बटणावर किती मते पडली याची नोंद स्वतःच्या कागदावर ठेवावी. मग केंद्राध्यक्ष 'क्लोज' दाबून निकाल दाखवतो, व्हीव्हीपॅटच्या (प्रत्येक मताची छापील चिठ्ठी देणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून तो निकाल त्यांच्याशी जुळवतो आणि नंतर 'क्लिअर' दाबून यंत्र रिकामे करतो. कंट्रोल युनिटच्या, म्हणजे मते साठवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर एकूण मते शून्य दिसत आहेत हे प्रतिनिधीने स्वतः वाकून पाहावे. व्हीव्हीपॅटच्या पेटीतील चिठ्ठ्या बाहेर काढून, त्यांच्या पाठीमागे अभिरूप मतदानाचा शिक्का मारून, काळ्या जाड लिफाफ्यात मोहोरबंद केल्या जातात. पेटीत एकही चिठ्ठी शिल्लक नाही हेही पाहावे. त्यानंतर कंट्रोल युनिटला हिरवी कागदी मोहोर लागते. तिच्यावर छापील अनुक्रमांक असतो. तो टिपून घ्यावा आणि मोहोरेवर सही करावी. 'मी नवीन आहे, मला सही नको' असे म्हणणारे प्रतिनिधी मी पाहिले आहेत, तर सहीची ती संधी सोडू नये. उमेदवारांना कोणत्या केंद्रावर कोणती यंत्रे जाणार याची यादी आधी मिळते. तिच्यातील यंत्रांचे क्रमांक केंद्रावरील यंत्रांशी जुळवून घ्यावेत.

मतदान सुरू झाल्यावर प्रतिनिधींची जागा ओळख पटवणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागे, मतदाराचा चेहरा दिसेल अशी असते. बसण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्ष, मग मान्यताप्राप्त राज्य पक्ष, आणि अपक्षांचे प्रतिनिधी सर्वांत शेवटी. त्यावरून वाद घालू नये, शेवटच्या खुर्चीवरूनही चेहरा दिसतो. आपण कोणत्या उमेदवाराचे प्रतिनिधी आहोत एवढे सांगणारा साधा बिल्ला चालतो, पण त्यावर चिन्ह, फोटो किंवा घोषणा नको.

चिठ्ठ्यांची योजना मात्र सोडून द्या. कोणी मतदान केले व कोणी नाही याचे क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या बाहेर पाठवण्यास मनाई आहे. प्रतिनिधीने आपल्या प्रतीवर खुणा केलेली मतदार यादी सुद्धा तो बाहेर पडताना केंद्रातच ठेवावी लागते. आत-बाहेर जाण्याच्या नोंदीसाठी केंद्राध्यक्षाकडे स्वतंत्र तक्ता असतो, त्यावर वेळ व सही होते. मोबाइल घेऊन आत बसता येत नाही.

वकिली_पेशा

वरील प्रतिसादाला कायद्याची थोडी जोड देतो.

मेव्हण्याला बसवू नका. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४-अ नुसार शासकीय सेवेतील व्यक्तीने निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम करणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुटीचा दिवस असल्याने त्याची सेवा संपत नाही. शिवाय त्याचा फटका केवळ त्यालाच बसतो असे नाही. शासकीय सेवकाचे साहाय्य घेणे हे कलम १२३ (७) खाली भ्रष्ट आचरण ठरू शकते, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार प्रतिनिधी म्हणून केलेले काम हे उमेदवाराच्या हितासाठीचे साहाय्यच मानले जाते. निवडून आलेल्या उमेदवाराची निवड एवढ्या कारणावरून उच्च न्यायालयात आव्हानित होऊ शकते. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवसांची आहे.

अंगणवाडी सेविका आणि रेशन दुकानदार यांना मतमोजणी प्रतिनिधी नेमू नये, अशी आयोगाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत सूचना आहे. माझा सल्ला असा, की त्यांना कोणत्याच प्रकारचे प्रतिनिधी करू नये. प्रचाराच्या धावपळीपेक्षा त्यांच्या मानधनाचा आणि परवान्याचा प्रश्न मोठा आहे.

आपल्या स्वतःच्या जबाबदारीविषयी अधिक गांभीर्याने विचार करावा, असे मला वाटते. निवडणूक प्रतिनिधीचे कृत्य हे कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ उमेदवाराचेच कृत्य असते. भ्रष्ट आचरण प्रतिनिधीने केले तरी निवड रद्द होऊ शकते, आणि तेथे उमेदवाराला 'मला ठाऊक नव्हते' ही सबब मिळत नाही. दुसरे काम हिशेबाचे. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च उमेदवाराने किंवा निवडणूक प्रतिनिधीने रोज लिहायचा असतो. नोंदवहीत पांढरी पाने दैनंदिन खर्चासाठी, गुलाबी रोकडीसाठी आणि पिवळी बँकेच्या व्यवहारांसाठी असतात. विधानसभेसाठी महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. एका व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांहून अधिक रक्कम द्यायची असेल तर ती धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावी लागते, आणि त्यासाठी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र खाते उघडावे लागते. आपल्या चाळीस जणांचे मतदानाच्या दिवशीचे पोहे, चहा आणि दुपारची थाळी हाही निवडणूक खर्च आहे. तो मित्राने 'आपलाच समजून' दिला, म्हणून वहीतून वगळता येत नाही. निकालानंतर ३० दिवसांच्या आत हिशेब सादर केला नाही, तर कलम १०-अ खाली तीन वर्षांच्या अपात्रतेची कारवाई होऊ शकते. पराभूत अपक्ष अनेकदा याच ठिकाणी अडकतात, कारण निकालानंतर वही उघडण्याचा कोणालाच हुरूप राहत नाही.

कर्वेनगरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मेव्हण्याचा विषय आजच संपवला आणि चिठ्ठ्यांचाही. आता आणखी दोन शंका आहेत. कोणी दुसऱ्याच्या नावावर मतदान करायला आला, तर आमच्या प्रतिनिधीने काय करावे? आणि चाळीसच माणसे असतील तर ती मतदानाच्या दिवशी कोठे खर्च करावीत?

निवृत्त_केंद्राध्यक्ष

पहिल्या शंकेचे उत्तर असे. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल तर प्रतिनिधीने केंद्राध्यक्षाकडे २ रुपये रोख भरावे लागतात. खिशात सुटे नाणे असू द्यावे. मग केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे चौकशी करतो. आक्षेप घेणाऱ्याला आपले म्हणणे पुराव्याने दाखवावे लागते, आणि मतदारालाही बोलण्याची संधी मिळते. आक्षेप टिकला तर त्या व्यक्तीला मतदान करता येत नाही आणि तिला पोलिसांच्या ताब्यात दिले जाते. टिकला नाही तर मतदान होते. आक्षेप खोडसाळपणे घेतला आहे असे ठरल्यास ते २ रुपये जप्त होतात. रक्कम हास्यास्पद वाटली तरी नोंद मात्र नमुना १४ मध्ये होते. खरा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर त्याला प्रदत्त मतपत्रिका मिळते. ती यंत्रात जात नाही, लिफाफ्यात राहते. पण तिची नोंद झाली पाहिजे, म्हणून मतदाराला नुसते परत पाठवले जात असेल तर प्रतिनिधीने नम्रपणे उठून ते केंद्राध्यक्षाच्या लक्षात आणून द्यावे. मृत, स्थलांतरित व अनुपस्थित मतदारांची यादी केंद्राध्यक्षाकडे असते. आपली यादीही तयार असेल तर आक्षेप नेमके होतात आणि म्हाताऱ्या माणसांना विनाकारण त्रास होत नाही.

आणखी एक अधिकार फारसा कोणी वापरत नाही. एखाद्या मतदाराला यंत्र कळत नाही किंवा तो फार वेळ आत थांबतो, तेव्हा केंद्राध्यक्ष मतदान कक्षात जाऊ शकतो. तो जात असेल तेव्हा उपस्थित प्रतिनिधींना, त्यांची इच्छा असल्यास, त्याने सोबत येऊ दिले पाहिजे, असा निवडणूक संचालन नियमांतील नियम ४९-क्यू आहे. आपणहून कक्षाकडे जाण्याचा अधिकार प्रतिनिधीला नाही, हेही त्याबरोबर सांगून ठेवा.

टेबल_सात

मी काही निवडणुकांत मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसलो आहे, म्हणून दुसऱ्या शंकेविषयी वेगळे मत मांडतो. माझ्या मते चाळीस माणसे चाळीस केंद्रांवर दिवसभर बसवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. दुपारी दोन वाजता केंद्रात बसून जे दिसते, त्यापेक्षा पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी मतदान संपताना जे दिसते ते कितीतरी मोलाचे असते.

संध्याकाळचे सांगतो. वेळ संपताना रांगेत जे उभे असतील त्या सर्वांना मतदान करू दिले जाते आणि त्यांना सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या जातात. या चिठ्ठ्यांचे वाटप रांगेच्या शेपटाकडून सुरू होते, म्हणजे सर्वांत शेवटच्या माणसाला पहिली चिठ्ठी, जेणेकरून मागून कोणी शिरू नये. त्या वेळी आपला माणूस दाराशी उभा असावा. मग केंद्राध्यक्ष 'क्लोज' दाबतो, पडद्यावर एकूण मते दिसतात आणि ती नमुना १७-सी मध्ये उतरतात. मतदार नोंदवहीत किती नावे, त्यांतल्या किती जणांनी नोंद झाल्यावर मत देण्यास नकार दिला, यंत्रात किती मते, यंत्राचे क्रमांक, कागदी मोहोरांचा हिशेब, असे सगळे त्या एका कागदावर असते. नियम ४९-एस प्रमाणे उपस्थित प्रत्येक प्रतिनिधीला त्याची प्रत पोच घेऊन दिलीच पाहिजे. सात वाजता घरी निघून गेलेल्या प्रतिनिधीला ती मिळत नाही. मोठ्या पक्षांचे अनुभवी लोकही दमून उठतात आणि मग मोजणीच्या आदल्या रात्री या कागदासाठी फोनाफोनी चालते.

मोजणीच्या दिवशी तो कागद कसा उपयोगी पडतो ते पाहा. २०२४ च्या लोकसभेला पुण्याची मोजणी कोरेगाव पार्क येथील अन्न महामंडळाच्या गोदामात झाली. तेथे जाळीच्या अलीकडे बसून टेबलावरचे कंट्रोल युनिट आपल्याला काही क्षणच दाखवले जाते. तेवढ्यात तीन गोष्टी जुळवायच्या असतात : यंत्राचा क्रमांक, हिरव्या मोहोरेचा क्रमांक आणि एकूण मते. हातात १७-सी ची प्रत असेल तर हे काम दहा सेकंदांत होते; नसेल तर आपण केवळ आकडे उतरवून घेणारे कारकून असतो. एकूण मते १७-सी शी जुळत नसतील किंवा अभिरूप मतदानाची मते यंत्रातून काढायची राहिली असतील, तर ते यंत्र बाजूला ठेवले जाते. विजयाचे अंतर अशा केंद्रांतील एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर ते तसेच राहते. अंतर तेवढेच किंवा कमी असेल तर त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. याखेरीज प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी टाकून निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची मोजणी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये हा आकडा एकावरून पाचवर नेला.

मतमोजणी प्रतिनिधींची नेमणूक नमुना १८ मध्ये होते. साधारणपणे एका सभागृहात मोजणीची जास्तीत जास्त १४ टेबले असतात आणि निर्णय अधिकाऱ्याचे एक वेगळे, म्हणून पंधरा विश्वासू माणसे बाजूला काढून ठेवा. नावे व फोटो मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत द्यावे लागतात, ती मुदत चुकली की काही चालत नाही. फेरमोजणी हवी असल्यास ती निकाल जाहीर होण्यापूर्वी, एकूण मते वाचून दाखवल्यानंतरच्या मधल्या वेळात, कारणे देऊन लेखी मागावी लागते. मोघम 'आम्हाला शंका आहे' असे लिहिलेला अर्ज फेटाळला जातो. निकालानंतर यंत्रांची तपासणी मागण्याचा जो मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात खुला केला, तो दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांसाठी आहे, ७ दिवसांच्या आत आणि स्वखर्चाने. आपल्या उमेदवाराला शुभेच्छा आहेत, पण तूर्त १७-सी वरच लक्ष द्यावे.

धनकवडीची_मीनल

दोन छोट्या गोष्टी. गेल्या विधानसभेला पुण्यातील काही मोठ्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारातच मतदान केंद्रे होती. अशा ठिकाणी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी म्हणजे सोसायटीचे अर्धे आवार, क्लब हाउस आणि बहुधा प्रवेशद्वारही त्यात येते. गॅलरीत लावलेला फलक, पार्किंगमध्ये चिन्हासह उभी गाडी, लिफ्टपाशी 'लक्षात आहे ना' असे म्हणणारे शेजारी, हे सर्व कलम १३० खाली येऊ शकते. आपला प्रतिनिधी त्याच सोसायटीत राहणारा असेल तर त्याला हे आधी सांगा, कारण आपल्याच दारात आपण नियम मोडतो आहोत हे पटकन सुचत नाही.

दुसरे म्हणजे, आपल्या चाळीस जणांपैकी कोणी जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत बसले असेल तर त्यांनी तेथला अनुभव जसाच्या तसा येथे वापरू नये. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभेची भारत निवडणूक आयोग. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ सदस्य निवडायचे असल्याने एका मतदाराला चार, एका प्रभागात पाच मते द्यायची होती आणि व्हीव्हीपॅट नव्हते. तेथे बसलेला माणूस चिठ्ठ्यांच्या लिफाफ्याविषयी काहीच विचारणार नाही, कारण त्याने तो पाहिलेलाच नसतो.

निवृत्त_केंद्राध्यक्ष

टेबल_सात यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. दुपार पूर्ण मोकळी सोडू नये. जेथे मागच्या वेळी आक्षेपित किंवा प्रदत्त मतांची संख्या लक्षणीय होती, किंवा जेथे वस्ती हलल्यामुळे यादीत स्थलांतरितांची नावे फार आहेत, अशी दहा-बारा केंद्रे निवडून तेथे बदली प्रतिनिधींसह पूर्ण दिवस बसावे. उरलेल्यांनी एकाच शाळेत अनेक खोल्यांत केंद्रे असतात त्या इमारती घ्याव्यात. मात्र प्रत्येक खोलीसाठी वेगळा नमुना १० लागतो, आणि अभिरूप मतदान सगळ्या खोल्यांत एकाच वेळी सुरू होते, तेव्हा सकाळी कोणती खोली आणि संध्याकाळी कोणती, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. ज्या केंद्रांवर आपला माणूस नाही तेथील मतदान त्या कारणाने अवैध ठरत नाही. कलम ५१ तसे स्पष्ट सांगते. उमेदवाराने दिवसभरात त्या केंद्रांना स्वतः भेट द्यावी, तो अधिकार त्याला आहे. पत्रांवर मात्र आपण दोघांनीच सह्या करा, आणि निर्णय अधिकाऱ्याकडे नमुना म्हणून जशी दिली तशीच करा.